नोंद नसलेल्या यंत्राची किंमत

साशंक : २०२२च्या जूनमध्ये जर्मनीतल्या वेट्झलार गावी एक कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. लायकाच्या ‘झिरो सिरीज’मधला, १०५ नंबरचा. मी बत्तीस वर्षं फोटो काढते आहे, त्यातली निम्मी फिल्मवर, आणि हा आकडा वाचून मला खरोखर त्रास झाला. या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवताना शटरच्या दोन पडद्यांमधली फट उघडीच राहते. लेन्सवर टोपण घालायला विसरलात की फोटो गेला. विक्रीला आणलेल्या मॉडेलमध्ये कारखान्यानेच हा दोष काढून टाकला. मग ज्याच्याहून चांगलं यंत्र त्याच्या मालकांनीच लगोलग बनवलं, त्याला शंभर वर्षांनी एवढे पैसे कशाचे? माझ्या लेखी कॅमेऱ्याचं मोल त्यातून निघालेल्या फोटोत असतं. होमाई व्यारावालांची छायाचित्रं बघताना स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा देश दिसतो. त्यांच्या रोलीफ्लेक्सचा नंबर काय होता, हे विचारावंसं कुणाला वाटत नाही. यंत्राचं काम यंत्राने केलं आणि ते बाजूला झालं. बाजूला झालेल्या यंत्राची पूजा मला समजत नाही.

संग्राहक : आधी हा १०५ नंबरचा कॅमेरा कुणाचा होता ते सांगतो. ऑस्कर बार्नाक हा लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीचा कारागीर. त्याला दम्याचा त्रास होता, आणि त्या काळचे प्लेट कॅमेरे, तिवई, काचांची पेटी हे ओझं घेऊन डोंगर चढणं त्याला जमत नव्हतं. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, तिच्यावरची १८ बाय २४ची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ केली आणि खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. पहिला नमुना १९१४च्या सुमाराचा. मग महायुद्ध, मग जर्मनीतली भयानक महागाई. १९२३मध्ये कंपनीने दोन डझनांच्या आसपास कॅमेरे चाचणीसाठी तयार केले, तीच झिरो सिरीज. १९२५च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लायका विक्रीला आली. तुम्ही आयुष्यभर ज्या चौकटीत जग पाहिलंत, ती २४ बाय ३६ची चौकट या माणसाने पक्की केली, आणि १०५ नंबर त्याचा स्वतःचा कॅमेरा होता. त्याच्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे. याच सिरीजमधला ११६ नंबर २०१२मध्ये २१ लाख ६० हजार युरोंना गेला होता आणि १२२ नंबर २०१८मध्ये २४ लाखांना. यंत्र तेच, दोष तेच. दहा वर्षांत बाजार चढला हे खरं, पण किमान सहा पटींची जी उडी आहे ती त्या नावाची आणि त्या हातांची आहे.

साशंक : बार्नाकच्या कॅमेऱ्यापुरतं तुमचं म्हणणं मी मान्य करते. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी आणि छापील प्रत यांत शब्द तेच असले तरी आपण पोथीला हात लावताना थबकतो. पण अशी उदाहरणं मोजकी. बाकीचा सगळा बाजार दुर्मीळतेवर चालतो, आणि वस्तू दुर्मीळ कशी होते ते बघा. निकॉनचा पहिला कॅमेरा १९४८चा. त्याची चौकट होती २४ बाय ३२, म्हणजे लायकापेक्षा चार मिलिमीटर आखूड. रोलवर जास्त फोटो बसायचे, पण अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत स्लाइड ज्या मापाने कापत त्याच्याशी ते माप जुळेना, आणि जपानवर तेव्हा ताबा असलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी निर्यातीला नकार दिला. हजारही कॅमेरे झाले नाहीत. चालला नाही म्हणून कमी बनला, कमी बनला म्हणून आज महाग. उलट आपला आगफा क्लिक थ्री घ्या. बडोद्यात बनायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. या देशातल्या कितीतरी घरांतलं पहिलं बारसं, पहिली सहल, आजोबांचा शेवटचा फोटो त्याने काढला. जुन्या बाजारात तो आज कुणी हातातही घेत नाही, कारण तो सगळ्यांकडे होता. जे यंत्र लोकांच्या उपयोगी पडलं त्याला किंमत नाही आणि जे फसलं ते तिजोरीत, हा न्याय मला पटत नाही.

संग्राहक : नुसत्या दुर्मीळतेला बाजार पैसे देत नाही. पन्नास-शंभर नग बनवून बुडालेल्या कारखान्यांचे कितीतरी कॅमेरे पडून आहेत. कुणी विचारत नाही, कारण त्यांच्यापुढे काही घडलं नाही. निकॉनच्या त्या आखूड चौकटीपुढे खूप घडलं. युद्धात हरलेल्या देशातली, सैन्यासाठी दुर्बिणी बनवणारी कंपनी पोटासाठी कॅमेऱ्याकडे वळली. त्या काळच्या तिच्या मालावर ‘ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेला’ असा शिक्का आहे. १९५०मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन याने तिच्या लेन्स पाहिल्या, आपल्या लायकाला लावल्या आणि कोरियाच्या युद्धावर नेल्या. १९५९मध्ये निकॉन एफ आला आणि पुढे वार्ताहरांच्या गळ्यात तोच दिसू लागला. हा सगळा प्रवास त्या चार मिलिमीटरच्या चुकीपासून मोजता येतो. आम्ही चार गोष्टी बघतो : नग किती उरले, अस्सल आहे का, अवस्था काय, आणि त्याच्याशी कुठली गोष्ट जोडलेली आहे. चारांपैकी एकच असेल तर ती वस्तू नवलाची असेल, मोलाची नसेल. क्लिक थ्रीबद्दल मात्र तुमचं दुःख माझंही आहे. त्याच्याकडे गोष्टी लाखो आहेत, पण त्या घराघरात विखुरल्या आहेत. कुठल्या नगाची कुठली, हे कुणाला सांगता येत नाही.

साशंक : चारांमधली ‘अवस्था’ हीच मला सगळ्यात जास्त खटकते. तुमच्या जाहिरातींत लिहिलेलं असतं : मूळ खोका, मूळ कागदपत्रं, एकही रोल न घातलेला. म्हणजे जन्मभर ज्याने काम केलं नाही तो पहिल्या नंबराचा. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांना विचारा, वर्षानुवर्षं गवसणीत राहिलेल्या तंबोऱ्याचं काय होतं. कॅमेऱ्याचंही तेच. आतलं ग्रीस घट्ट होतं, शटरचे मंद वेग अडखळायला लागतात. कापडी पडद्याचं रबर कडक होऊन चिरतं. भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांत टाचणीएवढी भोकं पडतात. आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते आणि ती काचेवरचा थर कायमचा खाते. न वापरलेला म्हणून तुम्ही जो जपता, तो आतून रोज थोडा थोडा मरत असतो. आणि वापरला तर किंमत उतरते, म्हणून तुम्ही वापरणार नाही. म्हणजे यंत्र जिवंत ठेवायचं असेल तर त्याची किंमत कमी व्हायला पाहिजे, आणि किंमत राखायची असेल तर यंत्राने मरायला पाहिजे. या पेचाला तुमच्याकडे काय उत्तर आहे?

संग्राहक : अर्धं आहे. त्याच डंकनसाठी लाइट्झने १९५५मध्ये खास बनवलेल्या लायकांपैकी एक २०१२च्या लिलावात १६ लाख ८० हजार युरोंना गेली. ती कोरी नव्हती. तिचा काळा रंग झिजून पितळ उघडं पडलं होतं, आणि ते पितळच लोकांना हवं होतं. तेव्हा वापराचा मान बाजाराला अजिबात कळत नाही असं नाही. मी माझे कॅमेरे महिन्यातून एकदा काढतो, प्रत्येक वेगावर शटर चालवतो, पावसाळ्यात चामड्याच्या केसमधून बाहेर, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवतो. पण तुमच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग मला रात्री जागवतो. माझ्याकडे तीसच्या दशकातली एक लायका आहे. तिच्या पडद्याला उन्हाने भोक पडलं आहे. कुणीतरी टोपण न लावता ती सूर्याकडे तोंड करून ठेवली असणार; लेन्सने भिंगासारखं ऊन एका जागी गोळा केलं आणि कापड जाळलं. पडदा बदलला तर ती उद्या फोटो काढील. पण मूळ पडद्याबरोबर ती दुपारही जाईल. भोक ठेवलं तर साक्ष राहते आणि कॅमेरा मुका राहतो. सहा वर्षं झाली, मी निर्णय घेऊ शकलेलो नाही. हे पैशांमुळे आहे असं तुम्ही म्हणाल. पैसे नसते तरी मी असाच अडकलो असतो.

साशंक : त्या भोकापाशी तुम्ही थांबलात हे मला आवडलं. मी असते तर पडदा बदलला असता, आणि बहुधा जुना पडदा कागदात गुंडाळून सोबत ठेवला असता. पण पैशाला इतक्या सहज सोडू नका. किंमत चढली की ती नुसती जपणूक करत नाही, नासधूसही करते. १९३४मध्ये युक्रेनमधल्या खारकिवला लायकाची नक्कल तयार व्हायला लागली : फेड. तो बनवला कुणी? रस्त्यावरच्या बेघर मुलांसाठी उभारलेल्या श्रमवसाहतीतल्या पोरांनी, जिथे अंतोन माकारेंको हा शिक्षक त्यांना शिकवत होता. ज्यांना घर नव्हतं त्या मुलांनी इतक्या बारीक मापाचं यंत्र घडवलं, ही गोष्ट मला बार्नाकच्या गोष्टीइतकीच मोठी वाटते. पुढे लायकाचे भाव चढले तेव्हा या फेडचं आणि त्याच्या भावंडाचं, झॉर्कीचं, काय झालं? वरची अक्षरं घासून ‘लायका’ कोरलं, जर्मन हवाई दलाचे शिक्के मारले, सोनेरी मुलामा दिला, सापाचं कातडं चिकटवलं, आणि विकले. दरवेळी एक खोटी लायका जन्माला येताना एक खरा फेड मेला. तुमच्या बाजाराने हा हिशेब कधी मांडला आहे?

संग्राहक : मांडलेला नाही, आणि मांडायला पाहिजे. मी स्वतः एकदा असा फसलो आहे. सोनेरी होता, मी नवखा होतो. घरी आणून लेन्स काढली आणि आत बघितलं. फोकसशी जोडलेला जो भाग लेन्सच्या मागच्या कडेला टेकतो, तो लायकात छोट्या गोल चाकासारखा असतो, फेड-झॉर्कीत पाचरीसारखा. माझ्यात पाचर होती. त्या दिवशी पैसे गेल्याचं वाईट वाटलं. आज वाटतं ते वेगळं : मी त्या कॅमेऱ्याला खोटा म्हणून कपाटाच्या तळाशी टाकलं. त्याच्यावरचा मुलामा खोटा होता, आतला फेड तर खराच होता. पण या अनुभवाने मला एक शिकवलं. अस्सलपणा डोळ्यांनी ठरत नाही, नोंदीने ठरतो. लाइट्झच्या कारखान्याने सीरियल नंबरांच्या वह्या ठेवल्या : कुठला नंबर कोणत्या तारखेला कुठे पाठवला. बॉम्ब पडले, राजवटी बदलल्या, वह्या टिकल्या. लायकाच्या किमतीचं सगळ्यात मोठं रहस्य तिच्या लेन्समध्ये शोधू नका. ते त्या कारकुनांच्या अक्षरात आहे.

साशंक : बरं झालं तुम्हीच तिथे आलात. कारण माझा खरा आक्षेप आता मला सापडला. ज्यांच्याकडे वह्या होत्या त्यांच्या वस्तूंना किंमत आली. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांचं काय? दादासाहेब फाळके १९१२मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि सिनेमाचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्याच्यावर त्यांनी वाटाण्याचा कोंब वाढताना टिपला आणि तो दाखवून भांडवल उभं केलं. पण विल्यमसन निदान कारखान्याचा होता. कोल्हापूरला बाबूराव पेंटर होते. आडनाव मेस्त्री, अंगात घराण्याची कारागिरी. त्यांना असा कॅमेरा मिळत नव्हता, तेव्हा त्यांनी तो स्वतः घडवायला घेतला. बरोबरीने खपणारे बंधू आनंदराव १९१६मध्ये गेले. मग बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना सोबत घेतलं आणि १९१८मध्ये कॅमेरा पुरा केला. त्याच्यावर त्यांनी चित्रपट काढले. ‘सैरंध्री’ १९२०मध्ये पुण्यात लागला. आता तुमच्या चार कसोट्या लावा. नग? एकच. गोष्ट? बार्नाकपेक्षा उणी नाही, कारण बार्नाकच्या पाठीशी कारखाना होता आणि यांच्या पाठीशी नुसतं कोल्हापूर. पण सीरियल नंबर नाही, कारखान्याची वही नाही, पावती नाही. जगातल्या कुठल्या लिलावात त्याला उभं करून घेतील? कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, लोक तिथे माथा टेकतात. तुमच्या किंमतपट्टीवर मात्र तो कॅमेरा नाहीच.

संग्राहक : नाही, हे कबूल. पण हे किंमत असल्यामुळे झालं की नसल्यामुळे? आपल्या मूकपटांचं काय झालं ते आठवा. त्या काळच्या फिल्मवर चांदी असायची. खेळ संपले, बोलपट आले, आणि किती रिळं त्या चांदीसाठी धुऊन टाकली गेली! ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आपल्याला पुरता पाहायला मिळत नाही. तेव्हाही बाजार होताच. त्याला फिल्ममधली चांदी दिसली, फिल्मवरचं चित्र दिसलं नाही. त्या दिवशी कुणी वेडा संग्राहक चांदीच्या भावापेक्षा चार रुपये जास्त घेऊन उभा राहिला असता, तर आज आपण ती चित्रं बघत असतो. चोरबाजारात मी सागवानी प्लेट कॅमेरे बघतो. पितळी पट्ट्या काढून वजनावर विकतात, पेटीचा दिवा करतात. त्या क्षणी तिथे किंमत मोजणारा माणूस नसेल, तर तुमचा आदर आणि मानस्तंभावरचा हार त्याला वाचवू शकत नाहीत. किंमत ही वस्तूच्या दारावरची राखणदार आहे. ती रांगडी असेल, पक्षपाती असेल. पण तिच्या आधी दाराशी कुणीच नव्हतं.

साशंक : राखणदार उशिरा येतो आणि आल्यावर दार लावून घेतो, ही माझी तक्रार आहे. १ कोटी ४४ लाखांचा कॅमेरा आता कुणा विद्यार्थ्याला उघडून बघता येईल? त्याचं शटर कसं बनवलं हे शिकायला कुणाला मिळेल? बाबूराव घडले ते दुसऱ्याची यंत्रं उघडून बघण्यातून. तीच यंत्रं तेव्हा कुणाच्या तिजोरीत असती तर कोल्हापूरचा कॅमेरा झालाच नसता. म्हणून मला वस्तू वाचणं पुरेसं वाटत नाही. वाचलेली वस्तू बोलती राहिली पाहिजे. चांदीसाठी रिळं धुणारा माणूस आणि भाव चढेपर्यंत खोका न उघडणारा माणूस यांच्यात मला फार मोठं अंतर दिसत नाही. दोघांनाही चित्र दिसलेलं नाही.

संग्राहक : हे कठोर आहे, पण मी ते ऐकून घेतो, कारण मी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी चोरबाजारातून मी असाच एक सागवानी कॅमेरा घेतला. भाता फाटलेला, कंपनीची पट्टी कुणीतरी उपटून नेलेली. घरी आल्यावर त्याच्या प्लेट होल्डरमध्ये एक काच निघाली. धुतलेली निगेटिव्ह, कधीतरी कुणी परत आत सरकवून ठेवलेली. लग्नानंतरचा असावा, असा घरातल्या माणसांचा फोटो. कॅमेरा मी बाराशे रुपयांना घेतला, तेवढ्यालाही कुणी परत घेणार नाही. तरी माझ्या सगळ्या लायकांत मिळून जे नाही ते त्याच्यात आहे : यंत्र आणि त्याने पाहिलेलं दृश्य एकत्र. तेव्हापासून मी एक वही केली आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचं पान. कुणाकडून आला, त्यांच्या घरी कुणी वापरला, त्याने काढलेला एखादा फोटो मिळाला तर त्याची प्रत, कुठल्या कारागिराने काय दुरुस्त केलं. लाइट्झच्या कारकुनाने जे केलं ते आपल्याकडे कुणी केलं नाही, तर निदान यापुढे कुणीतरी करावं.

साशंक : वहीत सगळं लिहाल? हा पडदा बदललेला, ही लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्याची, हा मुलामा खोटा? तसं लिहिलंत की किंमत उतरते. आणि तुम्ही गेल्यावर तुमची मुलं कॅमेरे विकतील तेव्हा वही सोबत देतील, की आधी चार पानं फाडतील? मला तुमच्यावर शंका नाही. पण ज्या राखणदाराचं तुम्ही कौतुक केलंत, त्याला वहीतली तीच पानं हवी असतात जी भाव वाढवतात. आपण किंमत खरी की खोटी यावर भांडायला बसलो होतो. आता मला दिसतं की प्रश्न नोंदीचा आहे, आणि खरी नोंद व खरी किंमत एकाच हातात किती दिवस नांदतील हे मला सांगता येत नाही.

संग्राहक : मलाही नाही. संग्रहालयाला द्यावं म्हटलं, तर कंपनीची पट्टी नसलेला सागवानी कॅमेरा ते कुठल्या सदरात घेतील हे ठाऊक नाही. ठेवून घ्यावं, तर मी साठीचा. विकावं, तर वही आणि वस्तू वेगळ्या होणार. तरी लिहितो आहे. फेडसुद्धा तळातून वर काढला, त्याचंही पान केलं, वर ठळक लिहिलं : मुलामा खोटा, कॅमेरा खरा. पण त्या सागवानी पेटीच्या पानापाशी माझा हात थांबतो.

साशंक : का?

संग्राहक : काच उजेडाशी धरून मी माणसं मोजली. सतरा आहेत. पुढे बसलेल्या एका लहान मुलीने मान हलवली, म्हणून तिचा चेहरा पुसट आला आहे; बाकी सोळा जण श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघताहेत. वेट्झलारच्या त्या कॅमेऱ्यावर एक नाव कोरलेलं होतं. या सतरा जणांपैकी एकाचंही नाव माझ्या वहीत नाही, आणि ते विचारायचं कुणाला, हे मला अजून कळलेलं नाही.